पाटीवरचं ‘पेठ’

नाशिकच्या जुन्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, संध्याकाळी उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर येतो. “दादा, ही पेठची का?” विचारणाऱ्या मावशी गाडीच्या अगदी समोर असतात, डोक्यावर बोचकं, आणि काचेमागच्या पाटीवर ठसठशीत दोन अक्षरं. परवा मी त्या पाटीकडे त्यांच्या नजरेनं बघायचा प्रयत्न केला. जमलंच नाही. आकार नीट दिसायच्या आधीच त्यांचा शब्द झालेला असतो. एकदा वाचता यायला लागलं की न वाचणं आपल्या हातात राहत नाही.

याला कारण मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागे-खालचा एक छोटा पट्टा. वाचणाऱ्या माणसात तो अक्षरांसाठी राखीव झालेला सापडतो, मग लिपी कोणतीही असो. गंमत अशी की लिपीचं वय जेमतेम पाच हजार वर्षं. एवढ्यात उत्क्रांतीनं मेंदूत वाचनाची वेगळी खोली बांधून दिली असेल, हे शक्य नाही. म्हणजे जागा आधी दुसऱ्या कोणाची तरी होती. मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांच्या गटानं २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूंचे स्कॅन प्रसिद्ध केले. त्यांत काही निरक्षर होते, काही मोठेपणी शिकलेले, काही लहानपणीच शाळेत गेलेले. निरक्षरांचा तो पट्टा रिकामा नव्हता. चेहरे आणि वस्तू ओळखायच्या कामाला लागलेला होता. अक्षरं आली की चेहऱ्यांना जरा सरकावं लागतं, तिघांच्या बाकावर चौथा आला की सरकतात तसं. आपण ज्याला ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हसतो त्याच्या डोक्यात कमी काही नाही, मांडणी तेवढी वेगळी आहे.

पण त्या मांडणीची किंमत मोजावी लागते, आणि ती भलत्याच ठिकाणी. पोर्तुगालमध्येच १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरक्षर स्त्रियांना ऐकलेले शब्द पुन्हा म्हणायला सांगितले. ओळखीचे शब्द त्या सहज म्हणत. निरर्थक, बनावट शब्द मात्र तोंडात मोडत. आपण असा शब्द ऐकला की मनातल्या मनात त्याची अक्षरं मांडतो आणि त्यांना धरून ठेवतो. ही खुंटीच त्यांच्याकडे नव्हती. आता ‘अॅझिथ्रोमायसिन’ हा शब्द घ्या. पेठच्या मावशींच्या कानांना तो निरर्थकच. दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत नाव गेलेलं असतं, उरते ‘पिवळी गोळी’. आणि दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची पांढरी दिली की ती ‘वेगळी’ म्हणून फळीवर पडून राहते.

मग चित्रं वापरा, असं कोणीही म्हणेल. कीटकनाशकाच्या बाटलीवर ती आहेतच: कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण चित्र ओळखणं हीसुद्धा बरीचशी पुस्तकातून आलेली सवय आहे. खरी वस्तू हातात दिली तर निरक्षर माणूस तिचं नाव चटकन सांगतो. तीच रेघांनी काढून दाखवली की अडखळतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आणि हिरवा? बागेत काम करणाऱ्याला हिरवा रंग पिकाचा वाटला तर दोष कोणाचा? आतलं औषध विषच असतं, जरा सौम्य इतकंच.

हिशेबाचंही तसंच. मुकादमाकडून घेतलेली उचल त्याच्या वहीत असते आणि मजूर बाईच्या डोक्यात. दोन्हींत फरक पडला की वही जिंकते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेत, १९५१ साली, देशात साक्षर होते १८ टक्के. २०११ मध्ये ७३. पुरुष ८१, स्त्रिया मात्र ६५. हे आकडे नाशिकसारख्या जिल्ह्यात मला फसवे वाटतात, कारण इथल्या निरक्षरतेचं मूळ सरासरीत दिसत नाही, कॅलेंडरमध्ये दिसतं. पेठ-सुरगाण्याकडं भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडं उतरतात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी मजुरांचा बाजार भरतो. ऑक्टोबर छाटणीपाठोपाठ विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, मग एप्रिलपर्यंत काढणी. धाकट्याला सांभाळायला थोरली सोबत येते, आणि तिचं शाळेचं दुसरं सत्र संपूर्ण बुडतं.

आपली लिपी तर अशी की मधे खंड पडून चालत नाही. बाराखडी, जोडाक्षरं, ‘कि’ची वेलांटी दिसते आधी, उच्चारायची नंतर. त्यात घरची बोली डांगी किंवा कोकणा आदिवासींची कोकणी, पुस्तकातली मराठी निराळी. अक्षरांची ओळख जुळत असतानाच सहा महिने तुटले, तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा ‘अ’पासून.

सहा महिन्यांत काय होतं, हेही मोजलेलं आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक स्त्रिया, सहा महिने देवनागरी शिकवली. २०१७ साली निष्कर्ष आले: बदल मेंदूच्या वरच्या सालीपुरता नव्हता, थॅलॅमस आणि ब्रेनस्टेम अशा खोल, जुन्या भागांचा ताळमेळही दृष्टिकेंद्राशी वाढला होता. तिशीतला मेंदूही हटवादी नसतो, फक्त त्याला सलग महिने लागतात.

सरकारच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील असाक्षरांना स्वयंसेवक शिकवतात आणि शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञानाची १५० गुणांची चाचणी होते. २०२४ मध्ये ती १७ मार्चला होती, रविवारी. मार्चचा मध्य म्हणजे द्राक्षकाढणीची ऐन धांदल, आणि बागेत रविवार नसतो.