प्रवाळांच्या मुळावर उठलेलं सांडपाणी

प्रवाळांच्या ऱ्हासाची चर्चा आज तापत्या समुद्राभोवती फिरते, आणि ते रास्तच आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून प्रवाळ मरत होते ते किनाऱ्यावरून येणाऱ्या मैलापाण्याने आणि गाळाने. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या कानेओहे उपसागराइतकी त्याची बारकाईने नोंद क्वचितच कुठे झाली असेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नौदलाच्या विमानतळासाठी तिथल्या प्रवाळभित्ती खणून काढल्या गेल्या. पुढे वस्ती वाढली, डोंगरउतारांची माती पावसासरशी उपसागरात येऊ लागली. लष्करी तळाचं आणि शहराचं सांडपाणीही दक्षिण भागातच सोडलं जाई, जिथे पाणी फारसं खेळतं नाही.

प्रवाळ हा कमी पोषकद्रव्यांच्या, नितळ पाण्यातला जीव. त्याच्या अंगातच राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं त्याला देतं. सांडपाण्यातून नायट्रोजन, फॉस्फरस आला की पाण्यात प्लवक, म्हणजे तरंगते सूक्ष्म जीव, माजतं आणि खालचं ऊन अडतं. कानेओहेत तर एक हिरवं, फुगीर बुडबुड्यांसारखं शैवाल प्रवाळांच्या फांद्यांच्या बुडाशी धरायचं, वर पसरत जायचं आणि आतल्या जिवंत प्रवाळाला गुदमरवायचं.

१९७७-७८ मध्ये सांडपाण्याचा मोठा प्रवाह उपसागराबाहेर, खोल समुद्राकडे वळवला गेला. पाणी लवकरच निवळलं. १९८३ च्या पाहणीत प्रवाळांचं आच्छादन दुपटीहून अधिक वाढलेलं आढळलं. मला या इतिहासातली ही सर्वांत आशादायक नोंद वाटते. मात्र १९९० पर्यंत सुधारणा मंदावली होती. ते बुडबुड्यांचं शैवाल तर २००६ मध्ये कुठे झपाट्याने ओसरलं, तेही आठवडेच्या आठवडे पाऊस आणि ढगाळ हवा राहिल्यानंतर.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेत वेगळाच धोका समोर आला. सांबरशिंगी प्रवाळांवर पांढरे चट्टे पाडणाऱ्या रोगामागे सेराशिया मार्सेसेन्स हा जिवाणू असल्याचं २००२ मध्ये दिसलं. माणसाच्या सांडपाण्यातल्या जिवाणूने प्रवाळाला हा रोग होतो, हे २०११ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं. तिथला चुनखडक सच्छिद्र, त्यामुळे शोषखड्ड्यांतलं पाणी झिरपत समुद्राला मिळतं. ते खड्डे बंद करून मलवाहिन्या टाकण्याचं काम अनेक वर्षं चाललं. ते सुरू असतानाच, २०१३ ते २०१५ दरम्यान, उत्तरेला मायामी बंदराचा जलमार्ग खोल करताना उडालेल्या गाळाखाली आसपासचे प्रवाळ गाडले गेले.