सेंद्रिय रसायनशास्त्राचं प्राध्यापक व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

मुंबईतल्या अनुदानित कॉलेजात केमिस्ट्रीची कायम जागा निघते तेव्हा अर्जाला जेमतेम पंधरा दिवस मिळतात. त्यामुळे फाइल जाहिरातीच्या आधीच तयार हवी.

सहायक प्राध्यापकासाठी एमएस्सीला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधले ओबीसी आणि दिव्यांग यांना ५०. जोडीला नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनुसार पीएचडी झाली असेल तर त्यातून सूट आहे. ऑर्गॅनिकचा वेगळा पेपर नसतो, विषय ‘केमिकल सायन्सेस’च, म्हणजे फिजिकल आणि इनऑर्गॅनिकही करावंच लागतं. विज्ञान विषयांची नेट म्हणजे सीएसआयआर नेट, तिला चुकीच्या उत्तराचे गुण कापतात. पुणे विद्यापीठ घेतं त्या सेटला कापत नाहीत, पण सेट महाराष्ट्र-गोव्यापुरतीच चालते.

कागदपत्रं: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट-सेट किंवा पीएचडीचं प्रमाणपत्र. आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर. वैधतेला वेळ लागतो, ती आधी मार्गी लावा. एमएस्सीला ग्रेड असतील तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र घ्या. नोकरीत असाल तर अर्ज संस्थेमार्फत, ना हरकत प्रमाणपत्रासह. तासिका तत्त्वावर शिकवलं असेल तर नेमणूकपत्र आणि विद्यापीठाची मान्यता, दोन्ही जपा.

मुलींनो, नावाकडे नीट बघा. माझ्या एमएस्सीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, पीएचडीवर सासरचं आणि शोधनिबंधांवर नुसती आद्याक्षरं. छाननीच्या टेबलावर तिन्ही कागद शेजारी ठेवून मला विचारलं, “या तिघी कोण?” नावबदलाच्या राजपत्राची प्रत पर्समध्ये होती म्हणून मुलाखतीला बसू दिलं. पहिल्या पेपरपासून एकच नाव वापरा.

पुढच्या पायऱ्यांचा विचारही आत्तापासून हवा. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकासाठी पीएचडी, ८ वर्षांचा अनुभव, ७ शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण. प्राध्यापकासाठी पीएचडी, साधारणपणे १० वर्षांचा अनुभव, १० निबंध, १२० गुण. विज्ञानात एका निबंधाचे मूळ गुण ८. लेखक दोनपेक्षा जास्त असले की पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३०, म्हणजे २.४. आपल्या विषयात एकाने रेणू बनवायचा, दुसऱ्याने त्याची रचना तपासणारा एनएमआर काढायचा, तिसऱ्याने जैविक चाचण्या करायच्या, त्यामुळे पेपरवर पाच-सहा नावं सहज येतात. महिनोन्‌महिने कॉलम (मिश्रणातून पदार्थ वेगळे करायची नळी) चालवून तिसऱ्या नंबरवर नाव आलं की मेहनत कागदावर दिसत नाही. लेखकांचा क्रम गाइडशी काम सुरू होतानाच बोलून घ्या. ते विचारण्यात उद्धटपणा नाही.

अर्ज जाहिरातीत दिलेल्या पत्त्यावर पाठवा, आणि पोचपावती फाइलला लावा.