युरेनियम खाण व अणुऊर्जाविरोधी लोकचळवळी

युरेनियमच्या खाणी, अणुवीज केंद्रे आणि किरणोत्सारी कचऱ्याची साठवण यांना त्या त्या परिसरातील रहिवाशांनी केलेला संघटित विरोध. अण्वस्त्रविरोधी शांतता चळवळीशी या चळवळींचे नाते आहे, पण त्यांचा उगम बहुधा निराळा असतो. अणुबाँबची धास्ती साऱ्या जगाला असते. इथे प्रश्न आपल्या विहिरीचा, मासळीचा, सातबाऱ्याचा असतो. १९७०च्या दशकात पश्चिम युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियात या चळवळींनी जोर धरला.

अणुभट्टीची बातमी होते, खाणीची सहसा होत नाही. वास्तविक किरणोत्साराचा उपद्रव खाणीपासूनच सुरू होतो. युरेनियमचे खनिज बऱ्याच ठिकाणी अगदी हलक्या प्रतीचे असते. झारखंडमधील जादूगोड्याच्या टनभर खनिजातून किलोभरही युरेनियम निघत नाही. बाकीचे सगळे दळून, आम्लाने धुऊन गाळाच्या रूपात तलावात सोडले जाते. युरेनियम काढून घेतले तरी थोरियम आणि रेडियम गाळातच राहतात आणि मूळ खनिजातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सारही त्यांच्याबरोबर तिथेच राहतो. रेडियम-२२६चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, १,६०० वर्षांचा. त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटत राहतो आणि तलाव सुकला की भुकटी वाऱ्यावर उडते.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील चर्च रॉक येथे १६ जुलै १९७९ रोजी अशाच एका तलावाचा बांध फुटला. सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सारी आम्लयुक्त पाणी आणि हजारभर टन गाळ पुएर्को नदीत गेला. नदीकाठी नव्हाहो या मूळनिवासी लोकांची वस्ती; त्यांची मेंढरे त्याच पाण्यावर जगणारी. साडेतीन महिन्यांपूर्वी झालेला थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात जगाला पाठ आहे, चर्च रॉक मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. नव्हाहो भूमीवर ५००हून अधिक खाणी सोडून दिलेल्या अवस्थेत आहेत. २००५ मध्ये नव्हाहो राष्ट्राने कायदा करून आपल्या हद्दीत युरेनियमचे उत्खनन बंद केले.

जादूगोड्यात खाण १९६७ पासून चालू आहे. गाळाचे तलाव आदिवासी वस्त्यांना लागूनच आहेत. ‘झारखंडी ऑर्गनायझेशन अगेन्स्ट रेडिएशन’ या संघटनेने १९९०च्या दशकात विस्थापन आणि आरोग्याचे प्रश्न उचलले. सर्वोच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका २००४ मध्ये फेटाळली गेली. तिथली खरी कोंडी अशी, की खाणीचा पगार ज्या घरात येतो त्याच घराला खाणीविरुद्ध बोलावे लागते. मेघालयात दोमियासियात परिसरात मात्र खासी जमीनमालकांनी नकार दिला आणि खाण सुरूच झाली नाही.

अणुवीज केंद्राविरुद्धच्या लढ्यांत पश्चिम जर्मनीतील व्हील या गावाचे नाव पहिले घ्यावे लागते. तिथले शेतकरी द्राक्षे पिकवणारे. शीतकरण मनोऱ्यांच्या वाफेने धुके वाढेल, ऊन कमी होईल आणि वाइनची प्रत जाईल, ही त्यांची पहिली तक्रार. किरणोत्साराचा मुद्दा नंतर आला. १८ फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांनी बांधकामाची जागा ताब्यात घेतली. दोन दिवसांनी पोलिसांनी पाण्याच्या फवाऱ्यांनी त्यांना हुसकावले. २३ तारखेला सुमारे २८ हजार लोक आले आणि कुंपण ओलांडून पुन्हा आत बसले. पुढे कित्येक महिने त्या जंगलात लाकडी घर उभारून लोकविद्यापीठ चालले. दिवसभर मळ्यात राबलेली माणसे संध्याकाळी अणुभौतिकीवरची व्याख्याने ऐकत. ‘नाही म्हटलंय आम्ही!’ ही घोषणा प्रमाण जर्मनीत नव्हती, तिथल्या अलेमानिक बोलीत होती. केंद्र झालेच नाही.

फ्रान्समध्ये ब्रिटनीतील प्लोगोफ गावाने १९८० मध्ये अणुवीज केंद्रासाठीच्या सरकारी चौकशीला सहा आठवडे विरोध केला. पुढच्या वर्षी प्रकल्प रद्द झाला. ऑस्ट्रियातले त्स्वेंटेनडोर्फचे केंद्र तर बांधून तयार होते. ५ नोव्हेंबर १९७८च्या सार्वमतात ५०.४७ टक्के मते विरोधात पडली आणि ते कधीच सुरू झाले नाही. ऑस्ट्रेलियातील जाबिलुका खाणीविरुद्ध मिरार आदिवासींनी, यव्हॉन मार्गारुला आणि जॅकी काटोना यांच्या नेतृत्वाखाली, १९९८ मध्ये आठ महिने नाकेबंदी केली. सुमारे ५,००० लोक तिथे येऊन गेले, ५००हून अधिक जणांना अटक झाली. काढलेले खनिज २००३ मध्ये पुन्हा खाणीत भरावे लागले.

भारतात फुकुशिमाच्या २०११च्या दुर्घटनेनंतर तमिळनाडूतील कुडनकुळम अणुवीज केंद्राविरुद्धचे आंदोलन पेटले. इदिंतकरै गावातील चर्चसमोरच्या मांडवात उपोषणे झाली, आंदोलकांवर राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये या अणुवीज केंद्राला हिरवा कंदील दाखवला. जैतापूरला ९,९०० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी जमीन घेताना माडबन परिसरातील अनेकांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले. नाटे गावच्या मच्छीमारांची जमीन जात नव्हती, म्हणून ते कागदावर प्रकल्पग्रस्त नव्हते; त्यांना घोर होता खाडीत आणि समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याचा. १८ एप्रिल २०११ रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक जण मृत्युमुखी पडला.

‘तुम्हाला यातले काय कळते’ हे वाक्य या सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे. त्याला उत्तर म्हणून लोक स्वतः मोजमाप करू लागले. चेर्नोबिलनंतर १९८६ मध्ये फ्रान्समध्ये ‘क्रीराड’ ही स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली. नायजरमधील आर्लित या खाणगावातले पाणी आणि भंगार तिने स्थानिक संघटनेसाठी तपासले.

चळवळींवर सर्वांत सबळ आक्षेप हवामानबदलाच्या बाजूने येतो: अणुवीज बंद केली की तिची जागा निदान काही काळ कोळसा घेतो. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. मात्र तो खाणीकाठच्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. कचऱ्याचा प्रश्न तर जिंकलेल्यांनाही सुटलेला नाही. जर्मनीने शेवटची तीन केंद्रे १५ एप्रिल २०२३ रोजी बंद केली. गोरलेबेन इथला जमिनीखालचा मिठाचा साठा कचऱ्याच्या कायमच्या साठवणीसाठी वापरू नये म्हणून गावकरी १९७७ पासून लढले आणि २०२० मध्ये ती जागा यादीतून वगळली गेली. किरणोत्सारी कचऱ्याचे ११३ धातूचे पीपे मात्र तिथल्याच जमिनीवरच्या तात्पुरत्या गोदामात उभे आहेत.