अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारी यांचे परस्पर रूपांतर

व्यवहारी अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि शेकडेवारी ही एकाच संख्येची तीन लेखनरूपे आहेत. ३/४, ०.७५ आणि ७५% यांची किंमत एकच. फरक आहे तो छेदाचा. व्यवहारी अपूर्णांकात छेद कोणताही असू शकतो आणि तो समोर लिहिलेला असतो. दशांश रूपात छेद १०, १००, १००० असा दहाचा घात असतो, पण तो लिहीत नाहीत. दशांशचिन्हानंतर किती अंक आहेत त्यावरून तो ओळखायचा. शेकडेवारीत छेद कायम १००, आणि त्याच्या जागी % हे चिन्ह येते. त्यामुळे या रूपांमधले प्रत्येक रूपांतर म्हणजे छेद बदलणे होय. हे पक्के असले की सहा दिशांचे सहा वेगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, आणि उत्तर चुकले तर चूक नेमकी कुठे झाली तेही सापडते.

दहाच्या घातांचे छेद वापरून हिशेब करण्याची पद्धत अल-काशी या गणितज्ञाने १५ व्या शतकाच्या पूर्वार्धात पद्धतशीरपणे मांडली होती. युरोपात तिचा प्रसार सायमन स्टेविन याच्या १५८५ मधील पुस्तिकेने झाला. मात्र स्टेविन दशांशचिन्ह वापरत नसे, प्रत्येक अंकाचे स्थान तो वर्तुळात आकडा घालून दाखवी. आजही चिन्ह सगळीकडे सारखे नाही. जर्मनी, फ्रान्स आदी देशांत पूर्णांक आणि दशांश यांच्यामध्ये स्वल्पविराम देतात. तिथल्या तक्त्यातील १,२५० ही संख्या बाराशे पन्नास नसून सव्वा असू शकते, हे तक्ता उतरवून घेण्यापूर्वी पाहावे.

अपूर्णांकावरून दशांश

अपूर्णांकातील आडवी रेघ भागाकाराची आहे. अंश भाज्य, छेद भाजक. ३/८ चे दशांश रूप काढताना ३ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून ० लिहून दशांशचिन्ह द्यायचे आणि ३ वर शून्य घ्यायचे. ३० मध्ये आठ त्रिक चोवीस, बाकी ६. ६० मध्ये आठ साते छप्पन, बाकी ४. ४० मध्ये आठ पंचे चाळीस, बाकी ०. उत्तर ०.३७५.

इथे सर्वाधिक चुका भागाकारातल्या शून्यात होतात. ३/४० मध्ये ३ वर शून्य घेतले तरी ३० ला ४० ने भाग जात नाही. अशा वेळी दशांशचिन्हानंतर एक ० लिहूनच पुढचे शून्य घ्यायचे: ३०० मध्ये ७ वेळा, बाकी २०, २०० मध्ये ५ वेळा. उत्तर ०.०७५. मधले ० गाळले की ०.७५ येते आणि किंमत दहापट होते. दुसरी नेहमीची चूक भाज्य-भाजकाच्या अदलाबदलीची. लहान संख्येला मोठीने भागणे अवघड वाटते म्हणून ८ ला ३ ने भागले जाते आणि २.६६ येते. अंश छेदापेक्षा लहान असेल तर उत्तर १ पेक्षा लहानच हवे. अंश छेदाच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर ते ०.५ पेक्षा मोठे हवे. एवढ्या दोन कसोट्यांवर बहुतेक चुका उघड्या पडतात. ३/५ चे ०.३५ किंवा ३.५ असे उत्तर लिहिणाऱ्याने रेघेच्या जागी नुसता ठिपका ठेवलेला असतो.

छेदाला सोईच्या संख्येने गुणून १०, १०० किंवा १००० करता येत असेल तर भागाकाराची गरज नाही. ७/२० मध्ये अंश-छेदांना ५ ने गुणले की ३५/१००, म्हणजे ०.३५. छेद २५ असेल तर ४ ने, १२५ असेल तर ८ ने गुणावे.

हे कधी जमते आणि कधी जमत नाही, याचे उत्तर पूर्णपणे छेदात आहे. १० चे मूळ अवयव २ आणि ५. अतिसंक्षिप्त रूपातील अपूर्णांकाच्या छेदात २ आणि ५ यांखेरीज एकही मूळ अवयव नसेल तरच दशांश रूप खंडित होते, म्हणजे कुठेतरी संपते. किती अंकांनंतर संपेल हेही आधीच सांगता येते: २ आणि ५ यांच्या घातांकांपैकी जो मोठा, तितके अंक. ८० = २×२×२×२×५; येथे २ चा घातांक ४, म्हणून ७/८० ला चार दशांश स्थळे लागतात: ०.०८७५. ही कसोटी लावण्याआधी अपूर्णांक संक्षिप्त करणे आवश्यक आहे. ६/१५ च्या छेदात ३ आहे खरा, पण तो अंशाबरोबर छेदला जातो आणि २/५, म्हणजे ०.४ उरते.

छेदात ३, ७, ११ असा दुसरा कोणताही मूळ अवयव उरला की भागाकार कधीच संपत नाही. मात्र त्याच अंकांची पुनरावृत्ती सुरू होते. कारण साधे आहे. ७ ने भागताना शून्य सोडून बाकी फक्त १ ते ६ यांपैकीच असू शकते. १/७ मध्ये बाक्या क्रमाने ३, २, ६, ४, ५, १ अशा येतात. १ पुन्हा आला की सारा क्रम पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७… आणि आवर्ती गटात सहा अंक. गटाची लांबी छेदापेक्षा किमान एकाने कमी असतेच; १/१७ मध्ये ती पुरी १६ आहे, १/१३ मध्ये मात्र ६ आणि १/११ मध्ये केवळ २ (०.०९०९…). छेदात २ किंवा ५ यांच्याबरोबर दुसरा अवयवही असेल तर आधी काही अंक आवर्तन न होणारे येतात: १२ = २×२×३, त्यामुळे ५/१२ = ०.४१६६६… यात ४ आणि १ एकदाच येतात, पुढे ६ चालू राहतो. लिहिताना आवर्ती अंकांवर रेघ किंवा टिंब देतात.

दशांशावरून अपूर्णांक

दशांश संपणारा असेल तर काम सोपे. चिन्हानंतर जितके अंक तितकी शून्ये १ वर देऊन छेद लिहायचा, चिन्ह काढून उरलेली संख्या अंशात ठेवायची आणि मसाविने दोहोंना भागायचे. ०.३७५ = ३७५/१०००; मसावि १२५; उत्तर ३/८. २.०४ = २०४/१०० = ५१/२५, म्हणजेच २ पूर्णांक १/२५. यातले ० विसरले की २.४ चा अपूर्णांक तयार होतो.

आवर्ती दशांशाचा छेद दहाचा घात नसतो. तो ९ च्या अंकांनी बनतो. क्ष = ०.७२७२… मानले तर १०० क्ष = ७२.७२७२… वजाबाकीत न संपणारी शेपटी निघून जाते आणि ९९ क्ष = ७२ उरते; क्ष = ७२/९९ = ८/११. आवर्तनापूर्वी काही सुटे अंक असतील तर चिन्हानंतरच्या सुट्या अंकांसह आवर्ती गटाची संख्या घ्यायची, त्यातून सुट्या अंकांची संख्या वजा करायची, आणि छेदात आवर्ती अंकांइतके ९ व त्यापुढे सुट्या अंकांइतकी शून्ये लिहायची. ०.५८३३३… साठी (५८३ − ५८)/९०० = ५२५/९०० = ७/१२. याच रीतीने ०.९९९… चे ९/९, म्हणजे बरोबर १ येते. ते १ पेक्षा ‘किंचित कमी’ नाही.

गणकयंत्रावर मिळालेला दशांश बहुधा कापलेला असतो, त्यामुळे वरच्या रीतीने ४६१५/१०००० असले निरुपयोगी अपूर्णांक निघतात. अशा वेळी व्यस्त घेत जाण्याची, म्हणजे १ ला त्या संख्येने भागत जाण्याची, युक्ती कामी येते. ०.४६१५ चा व्यस्त २.१६६८, पूर्णांक २ बाजूला ठेवून ०.१६६८ चा पुन्हा व्यस्त घेतला की सुमारे ५.९९, म्हणजे ६. आता उलट जायचे: २ + १/६ = १३/६, त्याचा व्यस्त ६/१३. पडताळा ०.४६१५३८… जुळतो. छेद आधीच ठरलेला असेल, जसे इंचाच्या पट्टीवर १६, तर दशांशाला त्या छेदाने गुणून जवळचा पूर्णांक घ्यावा: ०.७ × १६ = ११.२, म्हणून ११/१६ इंच. हे रूपांतर अचूक नाही; ११/१६ = ०.६८७५, म्हणजे ०.०१२५ इंचाची तूट राहते.

शेकडेवारीकडे आणि परत

दशांशाला १०० ने गुणायचे, म्हणजे चिन्ह दोन घरे उजवीकडे न्यायचे: ०.०७ चे ७%, १.२५ चे १२५%, ०.००४ चे ०.४%. परत येताना दोन घरे डावीकडे. दोन्ही दिशांना घरे कमी पडली तर शून्ये भरायची असतात आणि तीच राहून जातात: ७% चे ०.७ लिहिणे ही बहुधा सर्वांत जास्त आढळणारी चूक. तितकाच फसवा प्रकार अर्ध्या टक्क्याचा. ०.५% म्हणजे ०.५ नव्हे, ते ०.००५, अर्थात १/२००.

अपूर्णांकाची शेकडेवारी काढताना अंशाला १०० ने गुणून छेदाने भागावे: ५/६ साठी ५००/६ = ८३.३३%, काटेकोरपणे ८३ पूर्णांक १/३ टक्के. उलट दिशेला टक्क्यांतच अपूर्णांक असेल तर आधी तो मोडावा. ३७ पूर्णांक १/२ टक्के = ७५/२ टक्के = ७५/२०० = ३/८. ज्याला हिशेब वारंवार करावा लागतो त्याने काही जोड्या तोंडपाठ ठेवाव्यात: १/८ म्हणजे १२.५%, १/६ म्हणजे १६ पूर्णांक २/३ टक्के, १/१२ म्हणजे ८ पूर्णांक १/३ टक्के, १/१६ म्हणजे ६.२५%. बाकीच्या यांतूनच निघतात. ५/८ साठी १२.५ ची पाचपट ६२.५.

शंभराऐवजी हजार छेद घेतला तर प्रतिहजार (‰): ०.००४ म्हणजे ४‰. दशलक्षांश भागांत १% = १०,००० भाग. रीत तीच, घरे तेवढी वेगळी.

कोणते रूप कुठे वापरावे

गुणाकार-भागाकाराच्या मधल्या पायऱ्यांवर अपूर्णांकच ठेवावा, दशांश किंवा टक्के शेवटी काढावेत. ९,००,००० चे २/३ बरोबर ६,००,००० होतात. २/३ ऐवजी ०.६६ घेतले तर ५,९४,०००, ०.६७ घेतले तर ६,०३,००० आणि ६६.६७% घेतले तरी ६,००,०३० येतात. तीन समान वाटे प्रत्येकी ३३% लिहिले की बेरीज ९९% भरते ती याच कारणाने. तुलना करायची असेल तर मात्र दशांश सोईचा: ५/१२ मोठा की ३/७, हे ०.४१६… आणि ०.४२८… पाहताच कळते. तुलनेत अंकांची संख्या मोजू नये, ०.४५ पेक्षा ०.५ मोठा आहे.

टक्क्यांत मूळ छेद पुसला जातो, त्यामुळे वेगवेगळ्या आधारांवरचे टक्के सरळ मिळवता येत नाहीत. एका गटात ४० पैकी ३० (७५%) आणि दुसऱ्यात ६० पैकी १० (सुमारे १६.६७%) असतील, तर एकत्र १०० पैकी ४० म्हणजे ४०%, दोन टक्क्यांची सरासरी ४५.८३ येते आणि ती चूक आहे. प्रमाण ४०% वरून ५०% झाले तर वाढ १० टक्केबिंदूंची, पण मूळ प्रमाणाच्या तुलनेत २५%. वाढ-घटीचे गूढही अपूर्णांकात लिहिल्यावर उलगडते: २५% वाढ म्हणजे ५/४ ने गुणणे, ती पुसायला ४/५ ने गुणावे लागते, म्हणजे २०% घट. २०% वाढवून २०% कमी केले तर ६/५ × ४/५ = २४/२५, म्हणजे ९६% उरतात.

वेळेच्या बाबतीत दशांशाचा गोंधळ हमखास होतो, कारण तासाचा छेद ६० आहे. १.२५ तास म्हणजे १ तास १५ मिनिटे. ७ तास २० मिनिटे म्हणजे ७ पूर्णांक १/३, अर्थात ७.३३ तास, ७.२० नव्हे.

यंत्रावर करताना

स्प्रेडशीटच्या चौकटीत २५% दिसत असले तरी आत साठवलेली संख्या ०.२५ असते. आधी २५ भरून मग टक्क्यांचे स्वरूप दिले तर २५००% दिसू लागते. ३/४ असे टंकले की बहुतेक स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकतात. त्याऐवजी ०, मग रिकामी जागा, मग ३/४ असे भरावे. साध्या गणकयंत्रावरील % कळही सगळीकडे एकसारखी वागत नाही: २०० + १०% याचे उत्तर काही यंत्रे २२० देतात, काही २००.१; नवे यंत्र हाती आले की हे एकदा पडताळून घ्यावे.

संगणक संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवतो, आणि तिथे खंडित होण्याची अट आणखी कडक आहे: छेदात फक्त २ हा मूळ अवयव चालतो. ३/८ तिथे अचूक बसतो; पण १/१० च्या छेदात ५ असल्यामुळे ०.१ हा साधा दशांशही आवर्ती ठरतो आणि कापून साठवावा लागतो. अनेक संगणकीय भाषांत ०.१ + ०.२ हे ०.३ शी तंतोतंत जुळत नाही ते यामुळेच. जिथे शतांशापर्यंत अचूकता हवी तिथे रक्कम शंभरपट करून पूर्णांकातच ठेवतात आणि दाखवताना १०० ने भागतात.