जड नॉबनं गिअर हलका पडतो का?

गाडीवेड्यांच्या गप्पांत एक दावा हमखास ऐकू येतो: कंपनीचा प्लास्टिकचा गिअर नॉब, म्हणजे गिअरच्या दांड्याची मूठ, काढून स्टीलचा वजनदार नॉब बसवला, की गिअर अलगद पडायला लागतात. या दाव्यात थोडं तथ्य आहे. पण किती आणि कुठे, हे समजायला गिअरबॉक्सच्या पोटातल्या एका पितळी रिंगपर्यंत जावं लागतं. मला विचाराल तर अख्ख्या गाडीत तिच्याइतका हुशार भाग दुसरा नाही.

गिअर टाकला म्हणजे दोन दातेरी चाकं एकमेकांत घुसली, अशी बहुतेकांची समजूत असते. सुरुवातीच्या मोटारींत खरंच तसं व्हायचं. आजच्या मॅन्युअल गाडीत मात्र पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. तुम्ही तिसरा गिअर टाकता तेव्हा शाफ्टबरोबर फिरणारी एक स्लीव्ह, म्हणजे दातेरी कडं, सरकते आणि ते मोकळं चाक शाफ्टला जखडते. बस्स, एवढंच होतं.

अडचण वेगाची आहे. दुसऱ्या गिअरचं प्रमाण २ (म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना शाफ्टची एक) आणि तिसऱ्याचं १.४ धरू. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३००० आरपीएमवर असताना चाकांकडे जाणारा शाफ्ट १५०० नं फिरतो. तिसऱ्याचं मोकळं चाक मात्र इंजिनाच्या बाजूनं फिरवलं जातं, म्हणून ते ३००० भागिले १.४, म्हणजे सुमारे २१४० नं फिरत असतं. स्लीव्ह १५०० वर, चाक २१४० वर. तसंच जोडायला गेलात तर खर्रर्र!

इथे ती पितळी रिंग कामाला येते. तिची आतली बाजू निमुळती, शंकूसारखी असते, आणि मोकळ्या चाकावरही तसाच शंकू असतो. तुम्ही नॉब ढकलला की स्लीव्ह आधी रिंगला चाकाच्या शंकूवर दाबते. शंकूचा कोन जेमतेम ६-७ अंशांचा असल्यानं पाचर मारल्यासारखा परिणाम होतो आणि दाब आठ-नऊपट वाढतो. घर्षणानं चाकाचा वेग उतरू लागतो. क्लच दाबलेला असतो, म्हणून इंजिनाला थांबवायची गरज नसते. फक्त क्लच प्लेट, तिचा शाफ्ट आणि त्याच्याशी जोडलेली चाकं यांचाच वेग बदलायचा असतो. रिंगवर बारीक खाचा असतात, त्या मधलं तेल बाजूला सारतात. नाहीतर शंकू नुसता घसरत राहिला असता.

आता खरी गंमत. रिंगच्या बाहेरच्या कडेला छोटे, तिरप्या टोकांचे दात असतात. वेगात फरक आहे तोवर घर्षण रिंगला किंचित एका बाजूला वळवून धरतं, त्यामुळे तिचे दात नेमके स्लीव्हच्या वाटेत येतात. तुम्ही कितीही जोर लावा, स्लीव्ह पुढे जात नाही. उलट जोर वाढवला की रिंग आणखी घट्ट दाबली जाते आणि वेग आणखी लवकर जुळतो. दोन्ही वेग सारखे झाले, की रिंगला वळवून धरणारं बल क्षणात शून्य होतं. मग स्लीव्हचे तिरपे दात रिंगला हलकेच बाजूला सारतात आणि स्लीव्ह चाकावर जाऊन बसते. ना सेन्सर, ना संगणक. ज्या घर्षणानं वेग जुळवायचा, तेच घर्षण जुळेपर्यंत दार बंद ठेवतं. हाताला गिअर ‘पडल्याचं’ जे सुख मिळतं, ते दार उघडण्याचा तो क्षण असतो.

या सगळ्या रचनेला सिंक्रोमेश म्हणतात. ते नसलेल्या जुन्या ट्रक-बसचे ड्रायव्हर डबल क्लच मारायचे, म्हणजे रिंगचं काम पाय आणि कान वापरून स्वतः करायचे. मोटरसायकलमध्ये आजही सिंक्रोमेश नसतं. पहिला गिअर टाकताना ‘टक्’ आवाज येतो तो त्यामुळेच.

आता नॉबकडे येऊ. वेग जुळवायला लागतं बल गुणिले वेळ. हातानं ४० न्यूटन, म्हणजे सुमारे चार किलो वजनाइतका जोर पाव सेकंद लावला, तर गुणाकार १० न्यूटन-सेकंद येतो. नॉबमध्ये २०० ग्रॅम जास्तीचे घातले आणि तो सेकंदाला एक मीटर वेगानं हलवला, तर त्या वजनाचा संवेग ०.२ न्यूटन-सेकंद. म्हणजे हाताच्या कामात दोन टक्क्यांची भर! रिंगचं काम जड नॉब हलकं करत नाही.

मग तथ्य कुठे आहे? प्रत्येक गिअरच्या जागेवर स्प्रिंग आणि गोळीची एक खाच असते, गिअर आपोआप सुटू नये म्हणून. पाच मिलिमीटर अंतरात दहाएक न्यूटनचा अडथळा धरला, तर तो पार करायला ०.०५ ज्यूल लागतात. आपल्या २०० ग्रॅममध्ये ०.१ ज्यूल गतिज ऊर्जा आहे. असे बारीक अडथळे जड नॉब सहज ओलांडतो आणि हाताला ते जाणवत नाहीत. होंडानं २०२० च्या सिव्हिक टाइप आरमध्ये थेंबाच्या आकाराच्या ॲल्युमिनियम नॉबच्या पोटात ९० ग्रॅमचं वजन घातलं, ते या जाणिवेसाठी. उलट पोर्शेच्या ९१७ या रेसिंग गाडीत वजन वाचवायला बाल्सा लाकडाचा नॉब होता, आणि त्या गाडीनं १९७० मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. १९७६ च्या गोल्फ जीटीआयला गोल्फच्या चेंडूसारखा नॉब गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या डिझायनर बाईंनी दिला. तिथे प्रश्न भौतिकीचा नव्हताच, आवडीचा होता, आणि आवड हे पुरेसं कारण आहे. फक्त उघड्या धातूचा नॉब घेताना विदर्भातला मे महिना आठवावा.

मॅन्युअल श्रेष्ठ की ऑटोमॅटिक, या भांडणातही रिंगचा विसर पडतो. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आपल्याकडे लोकप्रिय झालेली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर यंत्र हलवतं, पितळी रिंग तीच. दोन क्लच असलेल्या ‘ड्युअल क्लच’ गिअरबॉक्समध्येही सिंक्रोमेश असतं, फक्त पुढचा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून पुढे देणारी, खरी ऑटोमॅटिक वेगळ्या घराण्यातली. तरी १९२८ च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये सिंक्रोमेश आणणारे अर्ल थॉम्पसन यांनीच पुढे जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम केलं.

जाता जाता एका घातक समजुतीबद्दल. घाट उतरताना न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, असं अजून सांगितलं जातं. इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वर इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. बंपरला बांधलेली लिंबू-मिरची तापलेले ब्रेक थंड करत नाही. कसारा असो की खंबाटकी, गिअरमध्येच उतरा.

आणि तुमच्या गाडीत गिअर खरखरत असेल, तर नॉबवर पैसे घालू नका. इंजिन बंद असताना सगळे गिअर नीट पडतात आणि चालू केल्यावर रिव्हर्स कुरकुरतो, असं असेल तर आधी क्लच बघा. तो पूर्ण सुटत नसावा. एकच गिअर, बहुधा दुसरा, चालत्या गाडीत खरखरत असेल तर त्याची रिंग झिजलेली असण्याची शक्यता जास्त. गिअरबॉक्सचं तेल बदलताना ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेलंच घाला, आणि गाडी चालवताना हात नॉबवर ठेवून बसू नका. त्या भारानं स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क फिरत्या स्लीव्हला सतत घासत राहतो.