इनहेलरच्या अस्तरावरील पेटंटला हरकत : पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

दम्याच्या इनहेलरची ॲल्युमिनियमची डबी उभी कापली, तर आतल्या भिंतीवर औषधाची पांढरी पूड चिकटलेली दिसू शकते. जेवढी पूड भिंतीला धरून राहते तेवढी ती रुग्णाच्या फवाऱ्यात कमी पडते. म्हणून काही डब्यांना आतून टेफ्लॉनसारख्या फ्लोरोपॉलिमरचे अस्तर देतात. अशा अस्तरावर पेटंट मागितले गेले आणि ती कल्पना त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगी होती असे आपले म्हणणे असेल, तर भारतात पेटंट कायदा, १९७० च्या कलम २५ खाली हरकत घेता येते.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही, अगदी रुग्णांची संघटनाही, नमुना ७अ भरून हरकत देऊ शकते. मंजुरीनंतर मात्र नमुना ७ लागतो, मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाचीच मुदत असते आणि हरकतदार ‘हितसंबंधित व्यक्ती’ असावा लागतो; त्या क्षेत्रात संशोधन करणाराही त्यात येतो. हरकत मूळ अर्ज ज्या पेटंट कार्यालयात असेल तिथेच द्यावी.

नमुन्यासोबत हरकतीची कारणे मांडणारे लेखी निवेदन, आधाराचे जुने लेख वा पेटंट, इंग्रजी नसलेल्या कागदांचा प्रमाणित अनुवाद, तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र आणि एजंट नेमला असल्यास मुखत्यारपत्र जोडावे. प्रत्येक आधारावरची तारीख आधी पाहावी, कारण अर्जदाराच्या प्राधान्य तारखेनंतरचा (म्हणजे त्या शोधासाठी पहिला अर्ज केल्याच्या तारखेनंतरचा) कागद, कितीही नेमका असला, तरी इथे कामाचा नाही.

खरी कसोटी युक्तिवादात लागते. ‘तव्याला टेफ्लॉन लावतातच, मग डबीला लावण्यात नवे काय?’ एवढ्यावर हरकत टिकेल असे मला वाटत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात सांगितलेल्या क्रमाने जाणकार कोण, शोधाचे सार काय, प्राधान्य तारखेला त्या क्षेत्रातले सर्वसाधारण ज्ञान किती होते आणि फरक कोणता, हे दाखवावे लागते. शोध कळल्यानंतरच्या शहाणपणाने मागे वळून पाहणे चालत नाही. म्हणून औषध भिंतीला चिकटते ही अडचण तेव्हा ठाऊक होती, आणि तो लेप इनहेलरमधल्या द्रवरूप प्रणोदकात (औषध बाहेर ढकलणाऱ्या द्रवात) टिकेल अशी वाजवी अपेक्षा होती, हे दोन्ही कागदांनिशी सिद्ध करावे. यातला दुसरा मुद्दा बहुतेक वेळा अवघड जातो. त्यासाठी लेपाची जाडी आणि तो भाजण्याचे तापमान सांगणारा जुना लेख हाती असेल तर तो निवेदनात सर्वांत वर ठेवावा.

मंजुरीपूर्वीची हरकत फेटाळली गेली, तरी हितसंबंधित व्यक्तीला मंजुरीनंतरची वाट खुली राहते.