गोळी एकदम बंद केली की काय होतं?

धुळे-मालेगाव पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी विकली जाते, ती बहुतेकदा अल्प्राझोलाम असते. घबराटीच्या आजारावर डॉक्टर देतात तेच औषध. मेंदूतलं गाबा हे रसायन चेतापेशींना शांत ठेवतं, आणि ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज घेत गेलं की मेंदू तिच्या भरवशावर राहतो. गाबाला दाद देणं कमी करतो, उत्तेजना देणारी यंत्रणा चढी ठेवतो. मग गोळी अचानक थांबली, तर त्या उत्तेजनेला आवर घालणारं काही उरत नाही. दिवसा-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते आणि ती जिवावर बेतू शकते. दारूचंही तसंच.

गोळीच्या पैशासाठी मोबाईल चोरणारा पोरगा पकडला गेला, की हे सगळं कोठडीत सुरू होतं. ‘नाटकं करतोय’ म्हणून दुर्लक्ष केलं तर घात होतो. पहिल्याच रात्री ‘काय घेतो, किती, शेवटची कधी घेतली?’ एवढं विचारून त्याला सिव्हिलला न्यायला हवं. तिथे डॉक्टर अल्प्राझोलामऐवजी जास्त वेळ टिकणारं डायझेपाम देऊन मात्रा हळूहळू उतरवतात. याला आठवडे लागतात, कधी महिने.

कायद्यातही वाट आहे. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. माझ्या मते प्रत्येक ठाण्यात हे कलम मोठ्या अक्षरांत लावायला हवं.

शिरपूरच्या सातपुड्यात गांजाच्या शेतांवर धाडी पडतात, त्या पडायलाच हव्यात. पण गिऱ्हाईक आजारी राहिलं तर माल दुसरीकडून येतो. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अमली पदार्थविरोधी समितीत पोलिसांइतकाच मनोविकारतज्ज्ञाचा शब्द चालावा, आणि औषध निरीक्षकांनी मेडिकलवाल्यांची एच-1 नोंदवही नीट तपासावी. अल्प्राझोलामची प्रत्येक विक्री तिच्यात लिहिणं बंधनकारक आहे.

हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेत धोका सुटकेनंतर वाढतो. तुरुंगात सहनशक्ती उतरलेली असते; बाहेर येऊन जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबतो. डॉक्टर देतात ती जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी तलफ आवरते, आणि असे उपचार चालू असताना चोऱ्याही कमी होतात, हे अनेक देशांत दिसून आलंय. त्यामुळे सुटकेची तारीख तुरुंगाने दवाखान्याला आधी कळवायला हवी.

घरात पोराच्या खिशात गोळ्या सापडल्या, तर त्या गटारीत फेकून त्याला खोलीत कोंडू नका. स्ट्रिप जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 मोफत आहे.